अ निघून जातो

रात्रीची वीज दहाला जाते.
त्याआधी सहावीच्या सव्वीस वह्या.
शेगडीत जर्दाळूच्या काटक्या, खाली झेरावशानचा आवाज,
आणि गणित तेच, मी फ्रॉकात होते तेव्हाचं:

अ एक पाट बारा दिवसांत खणतो.
ब तोच पाट चोवीस दिवसांत.
दोघे मिळून काम सुरू करतात.
चार दिवसांनी अ निघून जातो.
उरलेलं काम ब एकटा किती दिवसांत करील?

रीत मी फळ्यावर तीनदा करून दाखवली.
पूर्ण काम म्हणजे एक, मग तो पाट असो की भिंत.
आधी एका दिवसाचं काढा.
बारावा भाग अधिक चोविसावा, छेद सारखे करा,
तीन छेद चोवीस, म्हणजे रोज आठवा भाग.
चार दिवसांत अर्धा पाट.
राहिला अर्धा, ब-चा वेग चोविसावा.
बारा दिवस. बाकी शून्य.

पंचवीस वह्यांत बारा.
त्यातल्या दोघींची खाडाखोडसुद्धा सारखी.

सफरमोच्या वहीत एकोणीस.

रीत सगळी बरोबर. बारा काढलेत,
त्यावर एकच आडवी रेघ, पट्टीने मारलेली.
खाली बारीक अक्षरात:
बोबोंना मोठा दगड लागला, दोन दिवस.
बाबांचा फोन येणार होता, आला नाही,
बोबो फोन हातात धरून बांधावर बसले, एक दिवस.
दुसऱ्या दिवशीपण, एक.
मग गुडघा, तीन.
एकूण सात. बारा आणि सात एकोणीस.

मी बेरीज पुन्हा केली.
हातचासुद्धा नाही त्यात. बरोबरच आहे.

मी विचारलं होतं एकदा, रहिमोव मास्तरांना,
अ कुठे जातो?
ते हसले. म्हणाले, गेला तो गणितातून गेला, पोरी,
तू ब-कडे बघ.
बघत राहिले.
आपणच ब आहोत हे कळायला
पस्तिशी उजाडावी लागली.

सफरमोचा बाप खुदोयनजर मंगळवारी गेला,
पहाटेच्या गाडीने दुशान्बे, तिथून येकातेरिनबुर्ग,
जिथे तो भिंती बांधतो.
कुणाबरोबर, किती दिवसांत, ते तिथल्या मुलांना घालतात का,
मला माहीत नाही.
तिची आई दुपारी रोटी आणि चहा घेऊन पाटावर जाते,
परतण्याआधी दोन घमेली गाळ उपसते.
तिला अक्षर नाही.
क येतो तो हौदाच्या गणितात,
तळाचं भोक होऊन.

वीज गेली.
एक वही तपासायची राहिली.

सकाळी शाळेला निघाले ती पाटाच्या बाजूने.
वाट लांबची आहे, तरी.
बोबो गुडघ्याला लोकरी पट्टी बांधून खणत होते,
सफरमो दप्तरासकट, मोडक्या दांड्याच्या फावड्याने.
हिचा वेग काय धरायचा?
छेदात किती घालू?

पाणी आलं का, मी विचारलं.
अजून नाही, मुअल्लिमा, ती म्हणाली,
आज अठरावा आहे.
अशी म्हणाली, जणू मीच घाई करतेय.

वरच्या अंगाला चार हात माती उरली होती.
तिच्यापलीकडे पाणी तुंबलेलं, मातकट, गप्प.
काठावर एक कुदळ रिकामी पडलेली,
दांडा गुळगुळीत, मोठ्या हाताच्या मापाचा.
तिघं लागलो तर मधल्या सुट्टीपर्यंत होईल,
हे मी तोंडी काढलं. सवय.

मी हात लावला
तर तिचं उत्तर चुकेल.

लाल पेन पिशवीत तळाशी ढकललं.
बूट काढले, काठावर ठेवले,
आणि तशीच उभी राहिले,
गार मातीत,
घंटा होईपर्यंत.